गारदी म्हणायचे, तर राघोबादादांचेही नाव घ्या

निवडणुकीचा हंगाम आला की मराठी भाषणांत जुन्या फौजांतले दोन गडी हमखास उभे केले जातात. आपल्या बाजूचा कार्यकर्ता मावळा आणि पलीकडचा गारदी. मावळा म्हणजे निष्ठा, गारदी म्हणजे पैसे घेऊन वार करणारा. पक्ष फुटला, सरकार पडले, कुणाची सभा उधळली, की अग्रलेखांतही हाच शब्द धावून येतो. वापरणाऱ्याला वाटते आपण इतिहासाचा दाखला दिला. प्रत्यक्षात त्याने इतिहासातला अर्धाच माणूस उचललेला असतो. सुपारी घेणारा दिसतो, देणारा दिसत नाही. गारदी हा शब्द शिवी म्हणून वापरण्याला माझा जो आक्षेप आहे तो या अर्धवटपणाला आहे.

आधी शब्द नीट वेगळा काढू, कारण मराठीत त्याच्या आसपास सारख्या आवाजाची बरीच मंडळी आहेत. ‘गर्दी’ फारसीतून आली. ‘गर्द’ म्हणजे धूळ, त्यावरून धुमाकूळ, दंगा. ‘भाऊगर्दी’तली गर्दी ती हीच, पानिपतच्या गोंधळाची. आज ती लग्नाच्या पंगतीला आणि उमेदवारांच्या यादीला लागते. ‘सगळा संघ नव्वद धावांत गारद’ मधला गारद ‘गारत’ म्हणजे नाश यापासून आलेला. पोलीस गारदीतली गारद मात्र पहाऱ्याची. आपला गारदी या शेवटच्या घरातला. फ्रेंच ‘गार्द’ किंवा त्याच कुळातल्या एखाद्या युरोपी शब्दावरून तो आला असे बहुतेक अभ्यासक मानतात; अरबी ‘गर्बी’ म्हणजे पश्चिमेकडचा, असेही एक मूळ जुन्या लेखनात सुचवलेले आढळते. त्याच्या बंदुकीत गारगोटी असे म्हणून गारेवरून गारदी, असे जुळवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. एवढे नक्की, की हा छावणीत घडलेला शब्द आहे. परक्या भाषेतला हुद्दा शिपायांच्या तोंडी पडून झिजला आणि दख्खनच्या बोलीत रुळला. जातीचे, धर्माचे किंवा प्रांताचे हे नाव नव्हे. युरोपी पद्धतीची कवायत शिकलेला पगारी पायदळ शिपाई, एवढाच त्याचा अर्थ.

अशा शिपायाची गरज का पडली? १७५१ मध्ये बुसी हा फ्रेंच सेनानी निजामाच्या बाजूने दख्खनेत उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुकडी नदीकाठी चंद्रग्रहणाच्या रात्री त्याने नानासाहेब पेशव्यांच्या तळावर छापा घातला. थोडेसे शिस्तीतले पायदळ आणि हलक्या तोफा मोठ्या घोडदळाला कसे उधळतात हे त्या मोहिमेने पुण्याला दाखवले. बुसीच्या हाताखाली तयार झालेले सरदार पुढे ज्याला त्याला हवेसे झाले. मुजफ्फरखान आणि इब्राहीमखान ही त्यांतली दोन मोठी नावे.

कवायत म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय गारद्याची किंमत कळत नाही. तोपर्यंतची देशी बंदूक तोड्याची होती. जळती वात म्हणजे तोडा. चाप ओढला की तो रंजकेवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, टेकायचा आणि बार उडायचा. नळी लांब, नेम चांगला, पल्लाही बरा. पण भरायला वेळ लागे, आणि प्रत्येकाच्या हातात पेटती वात असल्याने दारूजवळ दाटीने उभे राहणे धोक्याचे. पावसात वात विझायची, रात्री तिच्या ठिणग्या शत्रूला जागा सांगायच्या. गारद्याच्या हाती चकमकीची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी बसवलेली असे. घोडा पोलादी पट्टीवर आपटला की ठिणगी पडे. पेटती वात गेल्यामुळे माणसे खांद्याला खांदा लावून उभी करता येऊ लागली, आणि खरा फरक इथे पडला.

भरण्याचा क्रम ठरलेला. कागदी काडतूस दातांनी फोडायचे, चिमूटभर दारू रंजकेच्या पात्रात टाकून झाकण लावायचे, उरलेली दारू नळीत ओतायची, गोळी आणि कागद आत सारून गजाने ठासायचे, गज काढून परत जागेवर लावायचा, घोडा पूर्ण ओढायचा, हुकूम आला की झाडायची. तयार शिपाई हे मिनिटाला दोन-तीनदा करी. यांतली एक पायरी चुकली तरी बार फसतो. धांदलीत गज नळीतच राहून गोळीबरोबर उडून गेला की तो माणूस त्या लढाईपुरता भालाईत झाला. गारगोटी वीस-तीस बारांनंतर बोथट होते, ती फिरवून बसवावी किंवा बदलावी लागते. दारू सर्दावली तर रंजक नुसतीच फुसफुसते. नळीत काजळी साचली की गोळी आत जाईना होते. हे सगळे भीतीत, धुरात, शेजारचा पडलेला असताना हाताने आपोआप व्हावे म्हणून महिनोन्‌महिने कवायत. एकट्यादुकट्याच्या शौर्याला इथे फारसे काम नसे, आणि घोड्यावरून फेक करणाऱ्या सरदारांना गारद्यांविषयी जी अढी होती तिचे एक कारण हे असावे.

या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा जराशी लहान. त्यामुळे शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसाला टिपणे बहुतांशी नशिबावर. दौडत येणारे घोडदळ शेवटचे शंभर पावले काही क्षणांत तोडते. म्हणजे रांगेला जेमतेम एक, फार तर दोन फैरी मिळतात, मग संगिनी. त्या फैरी वाया जाऊ नयेत यासाठी दोन गोष्टी लागतात: हुकमाआधी कुणी बार काढायचा नाही आणि रांगेसमोरचे मैदान मोकळे हवे. समोर आपलेच घोडेस्वार आले की गारदी निरुपयोगी.

तिसरी गोष्ट लागते ती पगार. मराठी इतिहासाच्या लोकप्रिय कथनात तिला जागाच नाही. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. पण दोघांच्याही मागे गाव, सरंजाम, चौथाईची आशा असे. महिना-दोन महिने रोख मिळाली नाही तरी घोडदळ पांगून मुलखावर पोट भरू शके. कवायती पायदळाला पांगता येत नाही. पांगले की ते पायदळ राहत नाही. त्याला दरमहा रोख रोजमुराच हवा. शिवाय पैसा सरकारातून सरदाराकडे, सरदाराकडून जमादाराकडे आणि मग शिपायाकडे जाई. प्रत्येक टप्प्यावर गणती फुगवायला आणि वाटप कापायला वाव. शिपाई ओळखत असे तो आपल्या जमादाराला, पेशव्याला नव्हे. थकबाकी तुंबली की दाद मागायची एकच रूढ वाट होती, मालकाच्या दारात धरणे धरून बसायचे. जेवू द्यायचे नाही, हलू द्यायचे नाही. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने आहेत. अठराव्या शतकात हा बंडापेक्षा वसुलीचा मार्ग होता. आज आपण ज्याला धरणे आंदोलन म्हणतो त्याचा हा पूर्वज, फक्त तेव्हाच्या मंडपात भरलेल्या बंदुका असत.

पानिपतावर या तिन्ही गोष्टींची परीक्षा झाली. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेत इब्राहीमखानाच्या तोफांनी आणि पलटणींनी काय होऊ शकते हे भाऊसाहेबांनी पाहिले होते, म्हणून ते त्याला उत्तरेत घेऊन गेले. अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या आणि लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या काशीराजाने त्याचे बळ सुमारे ९,००० बंदुके आणि ४० तोफा असे दिले आहे. याच काशीराजाने एक प्रसंग नोंदवला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहीमखान भाऊंकडे गेला. माझ्या माणसांचा पगार दरमहा मिळावा म्हणून मी अडून बसतो यामुळे आपण बरेच दिवस माझ्यावर नाराज आहात, या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळाले नाही, पण ते असो, आज मी माझे कर्तव्य करून दाखवतो, अशा आशयाचे तो बोलला. मग स्वतः निशाण हाती घेऊन, गोळीबार थांबवून, संगिनी लावून त्याच्या पलटणी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर गेल्या. रोहिल्यांचे हजारो पडले. त्याच्या सहा पलटणी जवळजवळ संपल्या. तो भाल्यांच्या आणि गोळीच्या जखमांनी घायाळ होऊन पकडला गेला, आणि अफगाणांच्या कैदेत मेला.

मराठी साधनांत आणखी एक गोष्ट सांगितली जाते: गायकवाड आणि विंचूरकर यांचे स्वार ठरलेली गोलाची रचना मोडून पुढे घुसले, मागे रेटले गेले आणि गारद्यांच्या बंदुकांसमोर आले. वर सांगितलेला मोकळ्या मैदानाचा नियम इथे मोडला. गोलाची लढाई चुकीची की ती नीट न लढणे चुकीचे, हा वाद इतिहासप्रेमी अजून घालतात. तो इथे नको. पण पगार न मिळालेली फौज त्या दिवशी सर्वांत शिस्तीने उभी राहिली, एवढे तरी मान्य व्हावे. पैशापुरता लढणारा माणूस पैसे मिळाले नसताना संगीन लावून पुढे जात नाही. ‘गारदी’ म्हणजे पैशासाठी काहीही करणारा, असे म्हणणाऱ्याने या सकाळचे काय करायचे ते सांगावे.

मग शब्द बिघडला कुठे? शनिवारवाड्यात, ३० ऑगस्ट १७७३ रोजी. गणेशोत्सवाचे दिवस, भर दुपार. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ यांची माणसे वाड्यात शिरली ती थकलेल्या पगाराचा तगादा लावत. हे निमित्त चालून गेले, कारण ते खोटे वाटण्यासारखे नव्हते. नारायणराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. ते चुलत्याच्या, म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांच्या, दालनाकडे धावले. चापाजी टिळेकर या सेवकाने त्यांच्या अंगावर पडून वाचवण्याचा प्रयत्न केला आणि तोही कापला गेला. वाड्यात अकराजण मेले असे परंपरा सांगते. या दिवसाने गारदी शब्दाला रक्ताचा डाग लागला तो कायमचा.

आता याच घटनेतून मराठीने दुसरे काय लक्षात ठेवले ते पाहा. ‘ध चा मा’ आणि ‘काका, मला वाचवा’. धरावे हा मूळ शब्द बदलून मारावे केला गेला, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले, आणि ते कृत्य आनंदीबाईंचे असा सार्वत्रिक समज नोंदवला. तेव्हापासून अपराधाची वाटणी ठरून गेली: अक्षर फिरवणारी बाई, तलवार चालवणारे गारदी, आणि मध्ये दुबळे, हतबल काका. मारा नाही पण धरा, हा लेखी हुकूम तरी रघुनाथरावांचा होताच की! सत्तेवरच्या पेशव्याला हत्यारबंद माणसांकरवी वाड्यात पकडायला लावणे हा काही कौटुंबिक रुसवा नव्हे. रामशास्त्री प्रभुण्यांना हे स्पष्ट दिसले. त्यांनी दोष रघुनाथरावांवर ठेवला आणि पुण्यातून निघून गेले. लोककथेने रामशास्त्र्यांचे कौतुक केले आणि त्यांचा निवाडा मात्र बाजूला ठेवला.

शिक्षा कुणाला झाली? सुमेरसिंग हाती लागण्याआधीच मेला. महंमद इसफ, खरकसिंग आणि कटातला तुळाजी पवार यांना रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या बारभाईंच्या कारभाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत मिळवून देहान्त दिला. योग्यच झाले. रघुनाथराव काही काळ पेशवे झाले, मग १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह करून त्यांनी मराठी राज्यावर एक युद्ध ओढवले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ज्यांचा पगार थकला होता ते गारदी. ज्यांचा ठरला आणि चालू झाला ते दादासाहेब. कोपरगावी १७८३ मध्ये ते अंथरुणावर वारले.

तेव्हा आज कुणी विरोधकाच्या माणसांना गारदी म्हणतो तेव्हा मला विचारावेसे वाटते: बरं, मग यातला राघोबा कोण? नाव घ्या. धरावे असे कुणी लिहिले, पैसे कुणी कबूल केले, वाड्याच्या आतून वाट कुणी दाखवली? बहुतेक भाषणांत याचे उत्तर टाळलेले असते, कारण राघोबा उद्या युतीत येऊ शकतो. गारदी सोयीचा. त्याला घराणे नसते, जात लावता येत नाही, आणि तो मानहानीचा दावा करत नाही.

जात लावता येत नाही म्हणालो, पण अलीकडे तीही लावली जाते. गारदी म्हणजे मुसलमान, असा एक समज समाजमाध्यमांवर फिरतो. सुमेरसिंग आणि खरकसिंग ही नावे मोठ्याने वाचली तरी तो टिकत नाही. त्या पलटणींत उत्तरेतले पुरभय्ये होते, रजपूत होते, अरब, हबशी, तेलंगणातले होते. दख्खनी मुसलमानही अर्थात होते. गारदी आडनावाची घराणी आजही महाराष्ट्रात आहेत. कवायत जाणणारा पूर्वज असणे यात लाजण्यासारखे काय आहे ते मला कळत नाही, पण शाळेत त्या मुलाला इतिहासाच्या तासाला काय ऐकावे लागत असेल ते कळते.

यावर दोन आक्षेप येतील. एक भाषेचा: शब्दांचे अर्थ बदलतात, त्याला कोण काय करणार? खरे आहे. शिपाई एकेकाळी लढवय्या होता, आज तो कचेरीत फायली नेतो. किल्ल्यावरचा हवालदार पोलीस चौकीत आला. पण हे बदल कामाबरोबर सरकत गेले. गारद्याचे तसे झाले नाही. त्याचे काम पुढे वाढले आणि नाव तेवढे टाकून दिले गेले. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर द बॉयन्या या युरोपी सेनानीकडून उभे केलेले कंपू म्हणजे गारद्यांचीच सुधारलेली आवृत्ती. तीच चकमकीची बंदूक, तीच रांग, तीच संगीन. फरक पाडला तो पैशाच्या व्यवस्थेने. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत थकबाकीला कंटाळलेल्या हिंदुस्थानी पलटणी शत्रूकडे निघून गेल्या, तो धडा महादजींनी घेतला. पुढे दुआबातल्या जिल्ह्यांचा वसूल खास या कंपूंच्या पगाराला तोडून दिला गेला. पाटण, मेडता, लाखेरी इथल्या लढायांत त्याचे फळ दिसले. कंपूच्या शिपायाला कुणी मारेकरी म्हणत नाही. पगार वेळेवर मिळाला तेव्हा तोच माणूस ‘महादजींची अजिंक्य पलटण’ झाला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: अहो, पण खून त्यांनीच केला ना? केला. आणि एकदाच नव्हे, मुजफ्फरखान गारद्याचेही उदाहरण आहे. पेशव्यांची चाकरी सोडून तो सावनूरकडे गेला, परत आला, आणि १७५९ मध्ये भाऊसाहेबांवर मारेकरी घातल्याबद्दल त्याला मारले गेले. हुकुमाचा ताबेदार ही सबब खुनाला चालत नाही, तेव्हाही चालली नाही. पण एका मुजफ्फरखानावरून आणि तीन जमादारांवरून पानिपतावर पडलेल्या हजारोंचे नाव बदनाम करायचे, तर तोच न्याय सरंजामदारांनाही लावावा लागेल. अठराव्या शतकात मालक बदलणारे जहागीरदार थोडे नव्हते. त्यांच्या बाबतीत आपण मुत्सद्देगिरी म्हणतो.

मग करायचे काय? शब्द बंद करा असे मी म्हणणार नाही. चांगला ठसठशीत शब्द आहे, आणि बंदी घालून भाषा सुधारत नाही. पाठ्यपुस्तकात नारायणरावांच्या वधाच्या ओळीत ‘गारदी’ येतो तिथे ‘कवायती पगारी पायदळ’ हा अर्थ द्यावा, आणि पानिपतच्या धड्यात इब्राहीमखानाच्या पलटणींनाही हेच नाव वापरावे. आज बऱ्याच मुलांना हे दोन्ही ठिकाणचे लोक एकाच पेशाचे होते याचा पत्ताच नसतो. संपादकांनी मथळ्यात मारेकऱ्याला मारेकरी लिहावे, भाडोत्रीला भाडोत्री. गारदी लिहिलाच तर त्याच मजकुरात त्याच्या धन्याचे नाव, निदान धन्याविषयीचा प्रश्न, असावा. नाटकवाल्यांनी गारद्यांना काळ्या कपड्यांतले मुके राक्षस करणे सोडून त्यांच्या तोंडी एकदा तरी थकलेल्या रोजमुऱ्याचा आकडा घालावा. प्रवेश उलट जास्त अंगावर येईल. आणि शनिवारवाड्यात पर्यटकांना फिरवणाऱ्यांनी भुताच्या किंकाळीआधी तगाद्याची गोष्ट सांगावी.

राहिला एक चमत्कारिक योगायोग. ज्या युरोपी शब्दावरून गारदी आला असे मानतात, तोच इंग्रजीच्या वाटेने मराठीत दुसऱ्यांदा आला आहे, ‘गार्ड’ होऊन. सोसायटीच्या फाटकावर, एटीएमच्या दारात, मॉलच्या सरकत्या जिन्याशी तो बारा-बारा तास उभा असतो. कंपनी पैसे एजन्सीला देते, एजन्सी सुपरवायझरला विचारते, सुपरवायझर हजेरी लावतो, आणि गणवेशाचे पैसे कापून उरलेला पगार महिन्याच्या कितव्या तारखेला हाती पडेल हे त्याला ठाऊक नसते. चोरी झाली की आधी चौकशी त्याचीच होते.